खोडदच्या तबकड्या आणि बी.एस्सी.नंतरचा रस्ता

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सकाळी, नारायणगावहून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. एरवी हा परिसर टोमॅटोच्या बाजारासाठी, द्राक्षबागांसाठी आणि तमाशाच्या फडांसाठी ओळखला जातो. त्या दिवशी मात्र जुन्नर-आंबेगावच्या आणि पार लांबच्या तालुक्यांतली मुले ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली मान वर करून उभी असतात. आसपासच्या मांडवांत शाळा-कॉलेजांनी आणलेली मॉडेल्स मांडलेली असतात. तबकडी हळूहळू वळते आणि मुलांचा गलका होतो. त्या गलक्यात एखादी बारावीची मुलगी विचारते, की इथे काम करायचे तर कोणती लाइन घ्यायची? तिच्या सोबत आलेल्या वडिलांनाही तेच विचारायचे असते, फक्त त्यांच्या प्रश्नात पगार आणि नोकरी हे दोन शब्द जास्त असतात.

दोघांचाही प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रात फार थोड्या कॉलेजांमध्ये नीट दिले जाते. इंजिनीअरिंग किंवा मेडिकल हुकले म्हणून बी.एस्सी.ला आलेल्या विद्यार्थ्यापुढे साधारण तीन-चार वाटा मांडल्या जातात: बी.एड., एमपीएससी, बँकेच्या परीक्षा, किंवा एम.एस्सी. करून नेट-सेट आणि मग प्राध्यापकीची वाट पाहणे. यातली एकही वाट कमी प्रतीची नाही. पण ज्या विषयात पदवी घेतली त्याच विषयात जगाच्या पुढच्या फळीवर काम करता येते आणि त्यासाठी लागणारी यंत्रे आपल्याच राज्यात उभी आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या कानावर उशिरा पडते. तोवर अर्जाच्या तारखा उलटून गेलेल्या असतात.

खोडदच्या दुर्बिणीचे पूर्ण नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. एकूण ३० अँटेना. त्यांतल्या १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या चौकात दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’च्या तीन फाट्यांवर दूरदूर पसरल्या आहेत. सगळ्यात लांबच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. या तीसही तबकड्यांनी पकडलेले संकेत एकत्र आणले, की २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीइतका बारीक तपशील दिसू लागतो.

ही दुर्बीण ज्यांच्या डोक्यातून निघाली त्या गोविंद स्वरूप यांची वाटचाल करिअरची आखणी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी. करून ते १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, परतले. हाताशी काय होते? ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या लहान तबकड्या, प्रत्येकी जेमतेम १.८ मीटरची. त्यांतल्या ३२ तबकड्यांतून १९६५ मध्ये कल्याणजवळ सूर्याचे निरीक्षण करणारी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पाच वर्षांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण आली. तो उतार मुद्दाम निवडलेला होता: त्याचा कल त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा पाठलाग करता येतो. मग १९९०च्या दशकात खोडद. पत्र्याची भरीव तबकडी एवढ्या आकारात बांधली असती तर वाऱ्याला तोंड देण्यासाठी अवजड सांगाडा लागला असता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोरांच्या ताणावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारांची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो. रेडिओलहरींची लांबी मात्र जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून त्यांना ही जाळी भरीव पत्र्यासारखीच वाटते आणि त्या परावर्तित होतात. यात भौतिकशास्त्र किती आणि लोखंडकाम किती, हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे. या क्षेत्राची गंमतही तीच आहे.

२०२३ च्या २९ जूनला याच जाळीदार तबकड्यांचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. काही मृत तारे स्वतःभोवती सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि प्रत्येक फेरीला रेडिओलहरींचा एक ठोका पृथ्वीकडे पाठवतात. यांना पल्सार म्हणतात. हे ठोके इतके नियमित असतात, की पल्सार म्हणजे आकाशात टांगलेले घड्याळच. आता दोन अजस्र कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत असतील तर त्यांच्यापासून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी अवकाश किंचित ताणतात, किंचित आकसतात. त्यामुळे पल्सारचा ठोका अतिसूक्ष्म काळाने लवकर किंवा उशिरा पोहोचतो. अशा २५ पल्सारांची सुमारे २५ वर्षांची नोंद युरोपीय आणि भारतीय चमूंनी एकत्र तपासली आणि त्यात विश्वभर पसरलेल्या मंद गुरुत्वीय लहरींच्या गुंजनाचे पुरावे सापडले. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही त्याच दिवशी आपापले निष्कर्ष मांडले.

यात खोडदचा वाटा नेमका कोणता? ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ आयनित वायू असतो. त्यातून येताना कमी कंप्रतेच्या लहरी जास्त रेंगाळतात. हा विलंब नेमका किती हे कळल्याशिवाय गुरुत्वीय लहरींमुळे झालेला फरक वेगळा काढता येत नाही. कमी कंप्रतेवर तो विलंब ठळक दिसतो, आणि कमी कंप्रतेवर काम करणाऱ्या जगातल्या मोठ्या दुर्बिणींमध्ये जीएमआरटी अग्रभागी आहे. ही दुर्बीण अद्ययावत करताना तिचे इलेक्ट्रॉनिक्स मोठ्या प्रमाणावर बदलले गेले. ते काम अभियंत्यांनी केले. मग मिळालेल्या माहितीचा गाळ उपसण्याचे काम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी केले. शोधनिबंधावरच्या लांबलचक नामावळीत ही मंडळीही आहेत.

खोडदहून मराठवाड्याकडे वळले, की दुसरे यंत्र लागते. तिथे अजून बांधकाम पुढे जायचे आहे. हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ म्हटले की ज्योतिर्लिंग आठवते, विसोबा खेचर आणि नामदेवांची कथा आठवते. त्याच तालुक्यातल्या दुधाळा गावाच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. २०३० हे पूर्णत्वाचे उद्दिष्ट सांगितले गेले आहे.

लायगोचे तत्त्व बारावीच्या पुस्तकातल्या व्यतिकरणाचे आहे, प्रमाण मात्र अचाट. लेझरचा एक झोत दुभंगून काटकोनात असलेल्या दोन नळ्यांत सोडायचा. प्रत्येक बाहू ४ किलोमीटरचा. टोकाच्या आरशांवरून परतलेले दोन्ही झोत पुन्हा एकत्र आणायचे आणि ते एकमेकांना खोडून टाकतील अशी रचना ठेवायची. गुरुत्वीय लहर गेली, की एक बाहू लांबतो आणि दुसरा आखडतो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा असू शकतो. तेवढ्यानेही झोतांचा मेळ बिघडतो आणि अंधारात प्रकाश उमटतो. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर पहिल्यांदा टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली होती. त्यानंतर अशा दोनशेहून अधिक संकेतांची नोंद झाली आहे. लहरींचे हे संकेत गोंगाटातून उपसून काढण्याच्या गणितावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काम करत होते. लहरी प्रत्यक्ष सापडायला तेव्हा पाव शतक अवकाश होता.

तिसरी वेधशाळा भारतात का, याचे उत्तर कानांशी जोडता येईल. आवाज कुठून आला हे दोन कानांमुळे बरेच समजते, पण पूर्ण नाही. अमेरिकेतल्या दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत. लहर आकाशातल्या नेमक्या कोणत्या बिंदूतून आली हे त्या दोघींना मिळून सांगता येत नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला हिंगोलीत एक कान असला तर जागा खूपच नेमकी ठरते, आणि इतर दुर्बिणींना तिकडे ताबडतोब वळता येते. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली तेव्हा युरोपातल्या व्हर्गो या तिसऱ्या यंत्रामुळे जागा लवकर आवाक्यात आली आणि जगभरच्या दुर्बिणींनी ती आग विझताना पाहिली. सोन्यासारखे जड धातू अशा टकरींमध्ये घडतात, याचा भक्कम पुरावा त्यातूनच मिळाला.

लायगोत फक्त कृष्णविवरांचे अभ्यासक लागतात असा समज कॉलेजांनी लवकर दूर करायला हवा. लेझर ज्या नळ्यांतून धावतो त्यांचा व्यास साधारण १.२ मीटर आणि दोन्ही बाहू मिळून लांबी ८ किलोमीटर. त्यांच्या आतला दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत खाली आणावा लागतो. अमेरिकेत या नळ्या स्टेनलेस स्टीलची पट्टी सर्पिलाकार वळवून वेल्डिंगने जोडत तयार केल्या होत्या. त्या कित्येक किलोमीटर शिवणीत सुईच्या टोकाएवढेही छिद्र चालत नाही. गळती शोधण्यासाठी हेलियम वायू वापरतात, आणि ते स्वतंत्र कौशल्य आहे. आरसे ४० किलोचे, अतिशुद्ध काचेचे, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूंवर टांगलेले. म्हणजे निर्वात तंत्र जाणणारा, प्रकाशीय उपकरणे जुळवणारा, कंपने मोजणारा, नियंत्रण प्रणालीचे सॉफ्टवेअर लिहिणारा, आणि आयटीआयमधून आलेला उत्तम वेल्डर, या सगळ्यांची गरज आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हिंगोली येते. तिथल्या बी.एस्सी. आणि पॉलिटेक्निकच्या अभ्यासक्रमात निर्वात तंत्राचा एखादा सेमिस्टरभराचा विषय आत्ताच आला, तर वेधशाळा सुरू होईपर्यंत जिल्ह्यातच तयार मुले असतील. हे काम थांबवून ठेवण्याचे कोणतेही कारण नाही.

एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. औंढ्यातली जी मुलगी २०२६ मध्ये दहावी झाली, ती २०२८ मध्ये बारावी होईल, तीन वर्षांची पदवी घेतली तर २०३१ मध्ये बी.एस्सी. आणि २०३३ मध्ये एम.एस्सी. वेधशाळेने उद्दिष्टाचे वर्ष थोडे ओलांडले, तरी ही मुलगी संशोधनाच्या उंबरठ्यावर येईल तेव्हा यंत्र चालू होण्याच्या बेतात असेल.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे, म्हणजे परीक्षा आणि पैशाकडे.

बारावीनंतरचा एक रस्ता आयसर पुण्यासारख्या संस्थांचा. त्यांची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातले अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र आणि भुवनेश्वरची नायसर या दोन्हींसाठी नेस्ट ही परीक्षा आहे. जेईई-नीटच्या गदारोळात तिचा अर्ज भरायचा राहून जातो, आणि पुढे मुले हळहळतात. हे जमले नाही तरी काही बिघडत नाही. गावातल्या कॉलेजातून बी.एस्सी. करून फेब्रुवारीत होणाऱ्या जाम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येते. अर्ज आदल्या सप्टेंबरच्या सुमारास निघतात. म्हणजे तयारी दुसऱ्या वर्षापासून. जामच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला घोकंपट्टी उपयोगी पडत नाही, गणिती भौतिकी आणि यांत्रिकी हात बसेपर्यंत सोडवावे लागते. पुढे पीएच.डी.साठी जेस्ट, टीआयएफआरची परीक्षा, गेट किंवा सीएसआयआर-नेट. खोडदची दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्था टीआयएफआरचाच भाग आहे आणि तिथे इंजिनीअरिंगच्या पदवीधरांनाही पीएच.डी.ची दारे उघडी आहेत. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर घेतलेल्या आणि मनातून आकाशाकडे ओढ असलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. नव्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केलेला विद्यार्थीही पीएच.डी.साठी पात्र ठरतो.

पीएच.डी. करताना फी भरत बसावे लागते, हा घराघरांतला मोठा गैरसमज. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये विद्यावेतन मिळते, घरभाडे वेगळे. बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलेल्यांनी मूलभूत विज्ञान निवडले तर इन्स्पायर योजनेत वर्षाला ८०,००० रुपयांची तरतूद आहे. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात.

लपवू नये अशीही एक गोष्ट आहे. हा रस्ता लांब आहे. एम.एस्सी.नंतर पाच-सहा वर्षांची पीएच.डी., मग परदेशात किंवा देशात दोन-तीन वर्षांच्या एक-दोन पोस्टडॉक, आणि मग कायमची जागा मिळाली तर मिळाली. वयाची पस्तिशी जवळ येते. लग्नाचे, कर्जाचे, आईवडिलांच्या आजारपणाचे हिशेब त्याच काळात येतात. पीएच.डी. झालेल्या सगळ्यांना पुरतील इतक्या कायमच्या जागा कुठल्याच देशात नाहीत. हे प्रवेशाच्या दिवशीच सांगितले तर विद्यार्थी डोळसपणे निवड करतो आणि सोबत दुसरे कौशल्यही जोपासतो.

ते दुसरे कौशल्य बहुधा याच अभ्यासातून येते. स्वरूप यांचे स्टॅनफर्डमधले मार्गदर्शक ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये रेडिओ दुर्बिणीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या नोंदींवरून संपूर्ण चित्र जुळवण्याचे गणित मांडले. त्याच कुळातले गणित पुढे सीटी स्कॅनमध्ये आले. ऑस्ट्रेलियाचे जॉन ओ’सुलिव्हन स्फोट पावणाऱ्या छोट्या कृष्णविवरांचे रेडिओसंकेत शोधत होते. ते सापडले नाहीत, पण विस्कटलेला संकेत सावरण्याची त्या कामातली हातोटी वाय-फायच्या तंत्रात उपयोगी पडली. अवाढव्य आणि गोंगाटाने भरलेल्या माहितीतून अर्थ काढण्याची सवय झालेल्या माणसाला उपग्रहचित्रे, हवामान, वैद्यकीय प्रतिमा आणि वित्तीय क्षेत्र या सगळीकडे काम असते. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर अरे या महादुर्बिणीच्या नियंत्रण सॉफ्टवेअरची मोठी जबाबदारी भारताकडे आहे. एनसीआरएच्या पुढाकाराने चाललेल्या त्या कामात पुण्यातल्या आयटी कंपन्यांचे अभियंतेही उतरले. भारताच्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर झाले आहेत.

आणि सुरुवात करायला पीएच.डी.पर्यंत थांबावेही लागत नाही. अनेक दुर्बिणींची माहिती ठरावीक काळानंतर सर्वांना खुली होते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एनसीआरएतल्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या नोंदींतून ‘अलकनंदा’ ही दीर्घिका शोधल्याचे जाहीर झाले. विश्वाचे वय अवघे दीडशे कोटी वर्षे असताना ती सुबक सर्पिल आकाराची होती, आणि इतक्या लवकर असा नेटका आकार घडत नसावा असा समज होता. हा शोध पुण्यात, संगणकासमोर बसून लागला. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘रॅड अ‍ॅट होम’ या उपक्रमात तर पदवीचे विद्यार्थीही जीएमआरटीसारख्या दुर्बिणींची चित्रे वाचायला शिकतात आणि वेगळ्या दिसणाऱ्या दीर्घिका टिपतात.

ज्यांना यंत्राला हात लावायचा आहे त्यांच्यासाठी आयुका आणि एनसीआरए मिळून हिवाळ्यात रेडिओ खगोलशास्त्राची शाळा भरवतात. तिथले एक उपकरण कोणत्याही कॉलेजच्या गच्चीवर उभे करता येते. डीटीएचची जुनी छत्री, तिच्यापुढे बसवलेला एलएनबी हा संकेतग्राहक, आणि केबलवाले सिग्नल तपासायला वापरतात तो स्वस्तातला फाइंडर, एवढेच सामान. सूर्य स्वतः रेडिओलहरी सोडतो. छत्री मोकळ्या आकाशाकडे रोखली, की काटा खाली बसतो. ती हळूहळू सूर्यावर आणली, की काटा वर सरकतो आणि ती पुढे गेली, की पुन्हा उतरतो. दर अर्ध्या अंशाला आकडा वहीत टिपायचा आणि आलेख काढायचा. आलेखावर जी टेकडी उमटते ती किती रुंद आहे यावरून छत्रीची नजर किती बारीक हे कळते. खोडदच्या ४५ मीटरच्या तबकडीची नजर मोजण्याची रीतही हीच आहे.